एका तारखेचे तीन कागद : जॉर्ज वॉशिंग्टन यांची पत्रे, रोजनिशी आणि सेनाहुकूम कसे वाचावेत

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कागदपत्रांचा सर्वांत मोठा साठा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असून त्यात सुमारे ७७,००० कागद आहेत. एवढे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणी वाचत नाही आणि तशी गरजही नाही. नवा वाचक बहुधा प्रसिद्ध पत्रे तेवढी वाचतो, नाहीतर एखादा शब्द शोधून त्याच्या आसपासच्या चार ओळी उचलतो. दोन्हींत कागद आपल्या जागेवरून उखडला जातो आणि आपण मनात आधीच धरून आलेले मतच त्यातून वाचून परत जातो. म्हणून माझा सल्ला असा आहे की, सुरुवात विषयापासून न करता तारखेपासून करावी. एक आठवडा निवडावा, त्या आठवड्यातील पत्रे, सेनाहुकूम आणि रोजनिशीच्या नोंदी तारीखवार लावून समोर ठेवाव्यात, आणि प्रत्येक कागद काय सांगतो हे पाहण्याआधी तो कोणासाठी लिहिला आहे आणि आपल्या हाती आलेली प्रत कोणाच्या हातची आहे, हे दोन प्रश्न विचारावेत. हे दोन प्रश्न टाळून केलेले वाचन कितीही श्रमाचे असले तरी भरवशाचे होत नाही.

हे सर्व आता घरबसल्या करता येते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने मूळ कागदांची छायाचित्रे विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'फाउंडर्स ऑनलाइन' या संकेतस्थळावर २०१३ पासून अक्षर लावून छापलेला मजकूर टीपांसह वाचता येतो. तो मजकूर प्रामुख्याने व्हर्जिनिया विद्यापीठात १९६८ साली सुरू झालेल्या संपादन प्रकल्पातून आला आहे. वाचन छापील मजकुरावर करावे आणि शंका आली की छायाचित्र उघडावे. शोध घेताना शब्दापेक्षा तारीख, लेखक आणि पत्र घेणारा यांवरून शोधणे अधिक फलदायी ठरते, कारण त्या काळी स्पेलिंग स्थिर नव्हते. 'निळा' या अर्थाचा इंग्रजी शब्द वॉशिंग्टन कित्येकदा 'फुंकला' या अर्थाच्या शब्दासारखा लिहितात. आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला ते वाक्य सापडायचेच नाही.

आता पद्धत प्रत्यक्ष कशी चालते ते पाहू. पहिल्या अभ्यासासाठी मी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला, ऑक्टोबर १७८१ मधला, यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सैन्याने पत्करलेल्या शरणागतीचा आठवडा सुचवीन, कारण तिन्ही प्रकारचे कागद एकाच वेळी मिळण्याचा योग या युद्धात फार थोडा येतो. रोजनिशी आधी घ्यावी. १७ ऑक्टोबरच्या नोंदीत वॉशिंग्टन लिहितात की, सकाळी दहाच्या सुमारास शत्रूने बोलणीचा नगारा वाजवला आणि ब्रिटिश सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस यांनी २४ तासांची युद्धतहकुबी मागितली, म्हणजे दोन्हीकडचे प्रतिनिधी मूर नावाच्या गृहस्थाच्या घरी भेटून अटी ठरवू शकतील. वॉशिंग्टन यांनी २४ तास दिले नाहीत. अधिक रक्तपात टाळण्याची आपलीही इच्छा आहे, पण आधी प्रस्ताव लेखी हवा, असे सांगून त्यासाठी दोन तास दिले. १८ तारखेच्या नोंदीत चरफड दिसते : डंडास आणि रॉस या ब्रिटिश प्रतिनिधींनी इतका वेळ काढला की आपल्या बाजूचे कर्नल लॉरेन्स आणि व्हायकाउंट द नोआय यांना कलमांचा कच्चा मसुदा करण्यापलीकडे काही करता आले नाही. १९ तारखेची सुरुवात तर एखाद्या कचेरीतल्या टिपणासारखी आहे. सकाळी लवकर कलमांच्या नकला करवून घेतल्या, अकरा वाजेपर्यंत सही आणि दोन वाजता सैन्य बाहेर पडणे अपेक्षित आहे असे कळवले, आणि दोन्ही गोष्टी त्याप्रमाणे झाल्या.

त्याच १९ तारखेचे काँग्रेसच्या, म्हणजे बंडात उतरलेल्या अमेरिकन राज्यांच्या प्रतिनिधिसभेच्या, अध्यक्षांना लिहिलेले पत्र उघडले की सूर पालटतो. तेथे ब्रिटिश सैन्याचा पाडाव अत्यंत आनंददायक रीतीने पार पडल्याचे कळवण्याचा मान आपल्याला मिळत आहे, अशी सुरुवात आहे; तासांची घासाघीस मागे पडली असून सैन्याची तारीफ पुढे आली आहे. हे पत्र फिलाडेल्फियाला नेण्यासाठी त्यांनी आपले जुने साहाय्यक टेंच टिलमन यांना निवडले, आणि पत्र वाचताना हेही लक्षात ठेवावे की, अशा वेळी विजयाची वार्ता घेऊन जाणे हाच त्या अधिकाऱ्याचा सन्मान असे. तिसरा कागद २० ऑक्टोबरचा सेनाहुकूम. त्यात सैन्याचे अभिनंदन आहे, फ्रेंच सेनापती आणि आरमाराचे आभार आहेत, अटकेत असलेल्या आपल्या सैनिकांना माफी आहे आणि दुसऱ्या दिवशी ईश्वराचे आभार मानण्यासाठी प्रार्थना करण्याची सूचना आहे. रोजनिशीत घड्याळ आहे, पत्रात राष्ट्र आहे आणि हुकुमात शिपाई आहे. यांपैकी कोणताही कागद खोटा नाही. पण अटकेतल्या सैनिकांना माफी मिळाली हे एकट्या पत्रावरून कळणार नाही आणि दोन तासांची अट एकट्या हुकुमावरून कळणार नाही. म्हणूनच तीन कागद शेजारी शेजारी ठेवायचे.

हा योग दुर्मिळ का, याचे उत्तरही रोजनिशीतच आहे. जून १७७५ मध्ये सेनापतिपद स्वीकारल्यावर वॉशिंग्टन यांची रोजनिशी थांबली. १७८० च्या पूर्वार्धातील हवामानाच्या नोंदी सोडल्या तर ती १ मे १७८१ रोजी पुन्हा सुरू होते, आणि त्या पहिल्याच नोंदीत ते युद्धाच्या आरंभापासून आपण असे टिपण ठेवले नाही याबद्दल खेद व्यक्त करतात. त्याच नोंदीत सैन्याची स्थितीही आहे : कोठारे भरलेली असण्याऐवजी निरनिराळ्या राज्यांत इकडेतिकडे विखुरलेला थोडाथोडका शिधा. बॉस्टनचा वेढा, ट्रेंटन, व्हॅली फोर्ज, मॉनमाउथ यांपैकी कशाचीही त्यांच्या हातची रोजनिशी नाही. म्हणजे या वर्षांसाठी वाचकाला पत्रे आणि हुकूम या दोनच पायांवर उभे राहावे लागते, आणि तिसऱ्याची जागा इतरांच्या लेखनाने भरावी लागते.

व्हॅली फोर्ज या हिवाळी छावणीचे उदाहरण घेऊन हे दोन पाय कसे वापरायचे ते दाखवतो. सैन्य तेथे १९ डिसेंबर १७७७ रोजी पोचले. आदल्या दिवशीच्या सेनाहुकुमात झोपड्यांचे माप आहे : १४ फूट बाय १६ फूट, भिंती ओंडक्यांच्या आणि साडेसहा फूट उंच, फटी मातीने लिंपलेल्या, चूल मागच्या बाजूला आणि आतून १८ इंच मातीने मढवलेली, दार रस्त्याच्या बाजूला, एका झोपडीत १२ शिपाई. प्रत्येक पलटणीत सर्वांत लवकर आणि सर्वांत नीट झोपडी उभी करणाऱ्या तुकडीला १२ डॉलरचे बक्षीस, आणि छपरासाठी फळ्यांऐवजी स्वस्त व झटपट होणारे दुसरे काही सुचवणाऱ्याला १०० डॉलर. हा हुकूम एकटा वाचला तर शिस्तबद्ध, कामाला लागलेले सैन्य डोळ्यांपुढे येते. पाच दिवसांनी, २३ डिसेंबरला, काँग्रेसचे अध्यक्ष हेन्री लॉरेन्स यांना लिहिलेल्या पत्रात मात्र वॉशिंग्टन सांगतात की, काही मोठा बदल तातडीने झाला नाही तर हे सैन्य उपाशी मरेल, मोडेल किंवा पांगेल. आणि छावणीत आजच्या घडीला २,८९८ माणसे पायांत काही नाही आणि अंगावर पुरेसे कपडे नाहीत म्हणून कामाला निरुपयोगी आहेत. हुकूम वरून खाली जातो, तेथे धीर द्यायचा असतो. पत्र खालून वर जाते, तेथे मदत मागायची असते. २,८९८ हा आकडा गोल नाही, मोजणीतून आलेला आहे, म्हणून तो महत्त्वाचा आहे. तरी तो ज्या पत्रात आला ते पत्र काँग्रेसला हलवण्यासाठी लिहिलेले होते, हेही त्याच दमात नोंदवून ठेवावे. आणखी एक गोष्ट : पत्र घेणाऱ्या हेन्री लॉरेन्स यांचे चिरंजीव जॉन लॉरेन्स त्या वेळी वॉशिंग्टन यांच्याच मुख्यालयात साहाय्यक होते. काँग्रेसच्या अध्यक्षांना छावणीची खबर केवळ सरकारी पत्रांतून मिळत नव्हती, त्यामुळे बापलेकांची पत्रे या पत्राच्या जोडीला वाचलीच पाहिजेत.

येथून दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे हातच्या प्रश्नाकडे वळू. वॉशिंग्टन यांच्या नावाची युद्धकाळातील बहुतेक सरकारी पत्रे त्यांनी स्वतः बसून लिहिलेली नाहीत. रॉबर्ट हॅन्सन हॅरिसन, टेंच टिलमन, अलेक्झांडर हॅमिल्टन, जॉन लॉरेन्स अशा साहाय्यकांपैकी कोणीतरी सूचनेवरून मसुदा करी, वॉशिंग्टन तो पाहून दुरुस्त करीत, मग स्वच्छ प्रत तयार होई, तिच्यावर सही होई आणि ती रवाना होई. म्हणजे एकाच पत्राचे तीन-चार अवतार असू शकतात : मुख्यालयात राहिलेला मसुदा, पत्र घेणाऱ्याकडे पोचलेले अस्सल, पत्रवहीतली नक्कल आणि पुढे कधीतरी केलेली नकलेची नक्कल. संपादित मजकुराच्या शेवटी यांपैकी कोणत्या प्रतीवरून छापले आहे हे सांगणारी टीप असते आणि बहुतेक वाचक नेमकी तीच ओळ सोडून देतात. ती आधी वाचावी. मसुदा आणि अस्सल दोन्ही उपलब्ध असतील तर मसुद्यात काय खोडले आहे ते पाहावे. माणूस काय म्हणणार होता आणि काय म्हणायचे नाही असे त्याने ठरवले, याचा इतका थेट पुरावा दुसरीकडे मिळत नाही. अक्षर साहाय्यकाचे आहे एवढ्यावरून विचारही साहाय्यकाचा, असे मात्र समजू नये. एखादा ठसठशीत शब्दप्रयोग वॉशिंग्टन यांचा म्हणून उद्धृत करण्याआधी मसुदा कोणाच्या हातचा आहे हे तपासावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

छायाचित्रे चाळताना एकाच सुबक वळणात लिहिलेले जाडजूड खंड लागतात. १७८१ मध्ये काँग्रेसच्या संमतीने रिचर्ड व्हॅरिक यांना मुख्यालयाच्या कागदांच्या व्यवस्थित नकला करण्याचे काम देण्यात आले. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कारकून बसवून १७८३ पर्यंत ४४ खंड तयार केले. वाचायला ते फार सोपे आहेत आणि सोपेपणामुळेच फसवे आहेत, कारण त्यांत खाडाखोड नाही, घाईचे अक्षर नाही आणि मूळ कागदाची घडी नाही. अक्षर लावण्यासाठी त्यांचा आधार घ्यावा, पण अर्थ लावताना मसुद्याकडे आणि अस्सलाकडे परतावे.

त्याहूनही जुन्या कागदांबाबत अधिक सावध राहावे लागते. १७५० च्या दशकात, फ्रेंचांविरुद्धच्या सरहद्दीवरील युद्धात, तरुण वॉशिंग्टन यांनी लिहिलेली पत्रे आपल्याला बऱ्याच अंशी पत्रवह्यांतून मिळतात, आणि त्या पत्रवह्यांत त्यांनी स्वतःच १७८० च्या दशकात भाषा सुधारली. विशीतल्या अधिकाऱ्याचे वाक्य पन्नाशीतल्या प्रसिद्ध सेनापतीने नीट केलेले असेल, तर ते कोणत्या वयाच्या माणसाचे मानायचे? अशा पत्राचे पत्र घेणाऱ्याकडचे अस्सल सापडले तर तेच प्रमाण मानावे. १७५४ च्या दैनंदिनीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. फोर्ट नेसेसिटीच्या पाडावानंतर ती फ्रेंचांच्या हाती पडली, १७५६ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच भाषांतरात छापली गेली आणि तेथून पुन्हा इंग्रजीत आली. तिच्यातला एखादा शब्द पकडून वॉशिंग्टन असे म्हणाले असे लिहिणे म्हणजे दोन भाषांतरांमधून गाळून आलेल्या पाण्याची मूळची चव सांगण्यासारखे आहे.

जुन्या छापील आवृत्त्यांनी तर काही ठिकाणी मजकूरच बदलला. जेरड स्पार्क्स यांनी १८३० च्या दशकात १२ खंडांत पत्रे प्रसिद्ध केली, आणि कागद जमवण्याचे त्यांचे श्रम मोठे होते हे मान्यच केले पाहिजे. पण सेनापतीच्या तोंडी शोभणार नाही असे त्यांना वाटले ते त्यांनी सभ्य करून टाकले. जोसेफ रीड या विश्वासातल्या मित्राला लिहिताना वॉशिंग्टन यांनी जनरल पटनम यांचा उल्लेख सैन्यातल्या लाडक्या टोपणनावाने 'ओल्ड पुट' असा केला होता, तेथे 'जनरल पटनम' आले. आलेली रक्कम सध्या म्हणजे पिसवाचा चावा, असे त्यांनी लिहिले होते, तेथे ती आमच्या सध्याच्या गरजांना सर्वस्वी अपुरी असल्याचे भारदस्त वाक्य आले. पिसवाच्या चाव्यात पैशाअभावी वैतागलेला माणूस दिसतो. बदललेल्या वाक्यात कोणीच दिसत नाही. स्पार्क्स यांनी पहिल्या अध्यक्षीय भाषणाच्या न वापरलेल्या मसुद्याचे तुकडे करून हस्ताक्षर जमवणाऱ्यांना वाटले, ही गोष्ट मला आजही वाचवत नाही. म्हणून जुन्या ग्रंथातून उतरवलेले कोणतेही वाक्य आजच्या संपादित मजकुराशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

बनावट कागद कसा ओळखावा, याचा धडा खुद्द वॉशिंग्टन यांनीच घालून दिला आहे. १७७७ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या नावाची काही खासगी पत्रे छापली गेली. स्वातंत्र्याच्या लढ्यावर त्यांचा विश्वास नाही असे भासवणारी ही पत्रे फोर्ट लीच्या पाडावानंतर पकडलेल्या त्यांच्या सेवकाजवळ, बिलीजवळ, सापडली असे सांगितले गेले. अध्यक्षपदावरून उतरण्याच्या आदल्या दिवशी, ३ मार्च १७९७ रोजी, त्यांनी परराष्ट्रमंत्री टिमोथी पिकरिंग यांना पत्र लिहून ही पत्रे बनावट असल्याचे दप्तरी नोंदवून ठेवले, आणि त्यात निव्वळ इन्कारापेक्षा पक्का मुद्दा दिला : संपूर्ण युद्धात आपले सामान किंवा आपला एकही सेवक शत्रूच्या हाती पडलेला नाही. कागद कोणत्या वाटेने आला असे सांगितले जाते आणि ती वाट त्या दिवशी शक्य होती का, हे तपासणे भाषेच्या परीक्षणाआधी करावे.

तारखांबाबत दोन खबरदाऱ्या पुरेशा आहेत. सप्टेंबर १७५२ पूर्वी ब्रिटिश वसाहतींत जुने पंचांग चालत असे आणि वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या नोंदीत ११ फेब्रुवारी १७३१ आणि आजच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२ असा येतो. १७५१-५२ च्या बार्बाडोसच्या प्रवासाची रोजनिशी याच जुन्या पंचांगातली आहे. दुसरे, पत्रांत 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिना आणि 'अल्टिमो' म्हणजे मागचा महिना. १४ ऑगस्ट १७८१ च्या नोंदीत वॉशिंग्टन लिहितात की, फ्रेंच आरमारप्रमुख काउंट द ग्रास यांचे २५ ते २९ युद्धनौकांचे आरमार ३,२०० सैनिकांसह '३ इन्स्टंट'ला चेसापीक उपसागराकडे निघणार असल्याचे कळले. ही ३ ऑगस्टची गोष्ट आहे, म्हणजे बातमी पोचली तेव्हा निघण्याची ठरलेली तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. न्यूयॉर्कवरचा हल्ला सोडून दक्षिणेकडे वळण्याचा निर्णय या नोंदीत आहे, आणि तो घेताना आरमार नेमके कोठे आहे हे निर्णय घेणाऱ्याला ठाऊक नव्हते. प्रत्येक पत्राशेजारी ते लिहिल्याची आणि मिळाल्याची अशा दोन तारखा लिहिण्याची सवय लावून घेतली, तर सेनापतीला त्या क्षणी काय माहीत होते आणि काय नव्हते हे आपोआप दिसू लागते.

सेनाहुकूम हा प्रकार बहुतेकांना रुक्ष वाटतो आणि मला तो सर्वांत जिवंत वाटतो. हुकुमाच्या माथ्यावर मुख्यालयाचे ठिकाण, तारीख, परवलीचा शब्द आणि त्याला द्यायचा प्रतिशब्द असे. ४ जुलै १७७५ रोजी, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला सूत्रे हाती घेतल्यावर एकाच दिवसात, ते शब्द 'अ‍ॅबिंग्टन' आणि 'बेडफर्ड' असे होते. पुढे नेमणुका, लष्करी न्यायालयांचे निकाल, साफसफाई, शिधा आणि सक्त मनाया येतात. मुख्यालयात हुकूम सांगितला जाई, ब्रिगेड आणि पलटणींचे अधिकारी आपापल्या हुकूमवहीत तो उतरवून घेत आणि पुढे वाचून दाखवत. म्हणून एकाच हुकुमाच्या दोन वह्यांत नावांचे स्पेलिंग वेगळे, क्वचित एखादे वाक्य गळालेले, असे दिसते. अनेक पलटणींच्या हुकूमवह्या छापल्या गेल्या आहेत, आणि मुख्यालयाचा हुकूम खरोखर खालपर्यंत पोचला का हे त्यांच्यावरूनच कळते.

हुकूम वाचताना एक नियम कधीही विसरू नये : जो हुकूम पुन्हा पुन्हा निघतो तो पाळला जात नसतो. शिवीगाळ आणि शपथा घालण्यावरची बंदी ४ जुलै १७७५ च्या हुकुमात आहे. ३ ऑगस्ट १७७६ ला ती पुन्हा आहे आणि तेथे हे दुर्व्यसन अमेरिकन सैन्यात पूर्वी फारसे माहीत नव्हते, असे म्हटले आहे. २९ जुलै १७७९ च्या हुकुमात तर याविरुद्ध अनेक स्पष्ट हुकूम निघूनही हा प्रकार पूर्वीपेक्षाही वाढल्याचे सेनापती खेदाने नमूद करतात. पहिलाच हुकूम वाचणारा लिहील की, वॉशिंग्टन यांनी सैन्यातील शिवीगाळ बंद केली. तिन्ही वाचणारा तसे लिहिणार नाही. उलट, एकदाच निघालेला हुकूम नव्या अडचणीचे किंवा नव्या कल्पनेचे चिन्ह असतो. २३ जुलै १७७५ ला टोपीवरच्या फितींचे रंग ठरवले गेले, वरच्या अधिकाऱ्यांना लाल किंवा गुलाबी, कॅप्टनांना पिवळी, कनिष्ठांना हिरवी, कारण गणवेशच नसलेल्या सैन्यात अधिकारी कोण हे ओळखता येत नव्हते. ७ ऑगस्ट १७८२ च्या हुकुमाने साध्या शिपायाच्या छातीवर जांभळ्या कापडाचे हृदयाकृती पदक लावण्याची सोय झाली.

रोजनिशी वाचताना अपेक्षा बदलावी लागते. १७६८ पासून तिचा मथळाच 'माझा वेळ कोठे व कसा गेला' असा आहे, आणि नोंदी एका छापील पंचांगात घातलेल्या कोऱ्या पानांवर आहेत. मन मोकळे करण्याची ही जागा नव्हे. हवा, भेटी, जेवणे, शेती आणि शिकार यांचा तो हिशेब आहे. १७८७ च्या घटनापरिषदेच्या महिन्यांतही चर्चेविषयी जवळजवळ काही नाही, कोठे जेवलो आणि कोठे चहा घेतला हे मात्र आहे. परिषदेने गुप्तता ठरवली होती आणि ते तिचे अध्यक्ष होते, हे माहीत असले की ही शांतता उदासीनता वाटत नाही. रिकाम्या पानांकडेही असेच पाहावे. बार्बाडोसमध्ये १७ नोव्हेंबर १७५१ ला आपल्याला देवी आल्याचे ते लिहितात आणि मग १२ डिसेंबरपर्यंत नोंदच नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, ६ फेब्रुवारी १७७७ रोजी, मॉरिसटाउनहून डॉक्टर विल्यम शिपन यांना सैन्याला देवी टोचण्याची आज्ञा देणारे पत्र वाचताना ती कोरी पाने आठवली, तर त्या आज्ञेमागचा माणूस जवळ येतो.

पत्रांत मायन्याला आणि पत्त्याला वजन होते. जुलै १७७६ मध्ये ब्रिटिश आरमारप्रमुख लॉर्ड हाउ यांनी पाठवलेले पत्र केवळ 'जॉर्ज वॉशिंग्टन, एस्क्वायर' या नावे आल्यामुळे जोसेफ रीड यांनी स्वीकारलेच नाही, कारण पदाचा उल्लेख नसणे म्हणजे सैन्यालाच मान्यता नसणे. याउलट पत्राअखेरचे 'आपला अत्यंत आज्ञाधारक नम्र सेवक' हे शिष्टाचाराचे वाक्य आहे आणि त्यावरून जिव्हाळा किंवा लाचारी काढू नये. नावांचा गोंधळही टाळावा : हाउ दोन भाऊ होते, एक सेनापती आणि एक आरमारप्रमुख, 'लॉर्ड स्टर्लिंग' हे अमेरिकन सेनापती विल्यम अलेक्झांडर. १७७९ नंतरच्या हेरगिरीच्या पत्रांत आकडे दिसले तर वॉशिंग्टन यांच्यासाठी हेरांचे जाळे चालवणारे अधिकारी बेंजामिन टॉलमॅज यांची सांकेतिक वही जवळ ठेवावी. तिच्यात ७११ म्हणजे वॉशिंग्टन आणि ७२७ म्हणजे न्यूयॉर्क.

काही शब्द सांकेतिक नसूनही झाकणारे आहेत, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार वाचकाला नाही. 'माझी माणसे', 'हात', 'नोकर' हे शब्द वॉशिंग्टन यांच्या शेतीच्या पत्रांत आणि रोजनिशीत येतात तेथे बहुतेक वेळा गुलाम माणसे अभिप्रेत आहेत. वर आलेला बिली म्हणजे विल्यम ली, जो युद्धभर त्यांच्या सोबत होता, गुलामच होता. १७९९ मध्ये त्यांनी स्वतः केलेल्या यादीत माउंट व्हर्नन या त्यांच्या शेतवाडीवरील ३१७ गुलामांची नोंद आहे. ती यादी आणि त्याच वर्षीचे, स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त करण्याची तरतूद असलेले मृत्युपत्र शेजारी ठेवले की 'माझी माणसे' हा शब्द पूर्वीसारखा सहज वाचता येत नाही. तसेच ३१ मे १७७९ रोजी जनरल जॉन सलिव्हन यांना दिलेल्या सूचना वाचाव्यात. मूळ अमेरिकन रहिवाशांच्या इरोक्वॉय संघातील शत्रुपक्षीय जमातींच्या वस्त्यांचा संपूर्ण विध्वंस हा त्या मोहिमेचा उद्देश तेथे स्वच्छ शब्दांत दिला आहे. त्या वस्त्यांत राहणाऱ्यांची बाजू त्या सूचनांत नाही. त्यांपैकी सेनेका लोक वॉशिंग्टन यांना 'गावे उद्ध्वस्त करणारा' म्हणत, हे त्यांच्या प्रमुखांनी १७९० मध्ये वॉशिंग्टन यांनाच केलेल्या निवेदनातून कळते.

दप्तरातून काय नाहीसे झाले याचीही नोंद ठेवावी. मार्था वॉशिंग्टन यांनी पतीशी झालेला पत्रव्यवहार जाळून टाकला आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच पत्रे उरली; त्यांपैकी एक १८ जून १७७५ चे, सेनापतिपद मिळाल्याचे पत्नीला कळवणारे आहे. काँग्रेससमोरचे त्यांचे वागणे आणि हे पत्र एकत्र वाचण्याची संधी जपावी, कारण असे दुसरे जोड फारसे नाहीत.

दुसऱ्या अभ्यासासाठी एकच दिवस घ्यावा : १३ डिसेंबर १७९९. रोजनिशीत सकाळी बर्फ पडत असल्याचे, तो सुमारे तीन इंच साठल्याचे, वारा ईशान्येचा आणि रात्री पारा २८ अंश फॅरनहाइटवर असल्याचे लिहिले आहे. त्याच दिवशी शेतीचे व्यवस्थापक जेम्स अँडरसन यांना लिहिलेल्या पत्रात युनियन फार्मवरच्या गोठ्याबद्दल तक्रार आहे की, गुरे तेथे आठवडाभर ठेवली तर सगळी मरतील. दोन्ही कागदांत स्वतःच्या प्रकृतीविषयी अवाक्षर नाही. ती बातमी तिसऱ्या हातून, त्यांचे सचिव टोबायस लिअर यांच्या टिपणातून मिळते : त्या दिवशी त्यांचा घसा दुखत होता, आवाज बसला होता, आणि तरीही दुपारी ते घर आणि नदी यांच्यामधल्या जागेत तोडायच्या झाडांवर खुणा करायला बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांचे निधन झाले. रोजनिशीची शेवटची ओळ पाऱ्याची आहे.